मगरींच्या पाट्यांवरच्या चिठ्ठ्या

११ मार्च
माझ्या पाटीवर चिठ्ठी! मगरींचं प्रदर्शन उघडून तीन दिवस झाले नाहीत, तोच कुणीतरी माझ्या मजकुराखाली पेन्सिलीने लिहिलेला कागद चिकटवला. मी लिहिलं होतं— ‘मगरीचे अश्रू ही निव्वळ दंतकथा.’ खाली चिठ्ठी— ‘खाताना डोळ्यांतून पाणी येतं. पाहिलंय.’

अक्षर वेडंवाकडं, शिरोरेघ नाही. मुद्दाम डाव्या हाताने लिहिल्यासारखं. बावीस वर्षं या संग्रहालयात पाट्या लिहितेय. बघायला येणारे असलं काही करत नाहीत. हे आतलंच कुणीतरी.

१२ मार्च
चित्रकारावर नजर ठेवलीय. भिंतीवरच्या मगरी सगळ्या त्याच्या, शब्द माझे. मागे एकदा सगळ्यांसमोर म्हणाला होता, मजकूर शाळेच्या पुस्तकासारखा झालाय म्हणून. हसत म्हणाला होता. पोटात एक, ओठात एक असणारी माणसं हसतच बोलतात.

१४ मार्च
दुसरी चिठ्ठी. घरट्याच्या देखाव्यापाशी. माझी पाटी— ‘अंडी घातली की मादीचं काम संपतं.’ चिठ्ठी— ‘नाही. पिल्लं आतून ओरडतात. आई वाळू उकरते. तोंडात धरून पाण्यात नेते.’

एक मुलगी हे आपल्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवत होती. माझी पाटी तिने वाचलीच नाही.

चित्रकाराची बोटं पेन्सिलीने काळी. सरळ विचारलं. मी नाही, म्हणाला, आणि मान खाली घालून रेघा ओढत राहिला. चोराच्या मनात चांदणं.

१५ मार्च
संचालकांकडे तक्रार केली. दुपारपर्यंत चित्रकाराची रवानगी तळघरात— जुन्या चौकटी रंगवायला. रंगाचे डबे उचलून खाली गेला. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणते, पुरावा काय? तिला काय जातंय बोलायला.

१६ मार्च
पुस्तक काढून पाहिलं. मादी पिल्लांना पाण्यात नेते. तोंडात धरूनच नेते. मी जुन्या फाइलमधून उतरवलं होतं, तपासलं नव्हतं.

पण म्हणून चिठ्ठ्या डकवायच्या? मला येऊन सांगता येत नव्हतं?

१८ मार्च
तिसरी. चित्रकार दिवसभर तळघरात, दालनाची किल्लीही त्याच्याकडे नाही. मग कोण?

१९ मार्च
सकाळी दारं उघडायच्या तासभर आधी गेले. मुलांना आतून रांगत जायला पोकळ लाकडी मगर केलीय, तिच्या पोटात दबा धरून बसले. गुडघ्यांनी जीव नकोसा केला.

साडेसातला मावशी आल्या, साफसफाई करणाऱ्या. लादी पुसली, काचा पुसल्या. मग खिशातून कागद काढला.

मी बाहेर आले तसा त्यांनी कागद मुठीत दाबला. मग हळूहळू बोलल्या. लहानपण नदीकाठी गेलं. वडील मासे धरायचे, रोज मगरी दिसायच्या. लिहायला चाळिशीनंतर शिकल्या.

“पोरं हे खरं समजून घरी जातात, बाई,” म्हणाल्या. “तुम्हाला तोंडावर सांगायची छाती झाली नाही.”

सफाईच्या ठेकेदाराच्या कानावर घालू नका, एवढंच मागितलं. त्यांच्या आधीच्या बाईला त्याने एक काच तडकली म्हणून दुसऱ्या दिवशी घरी बसवलं.

तशीच तळघरात गेले. चित्रकाराला सगळं सांगितलं. त्याला ठाऊक होतं! पहिल्याच सकाळी त्याने मावशींना पाहिलं होतं.

“बोललो असतो तर त्यांचं काम गेलं असतं,” म्हणाला. “माझी नुसती जागा बदलली.”

कुंचला उचलून परत रंगवायला लागला. बसा म्हणाला नाही. मी तरी कुठल्या तोंडाने बसणार होते?

२० मार्च
संचालकांना सांगून आले— चिठ्ठ्या मीच चिकटवत होते.