बन्नूचं बंड आणि वहिनीची बांगडी

जुन्नर, मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १८३०

दुपारपासून ती हिरवी बांगडी डोळ्यांपुढून हलत नाही. चूक माझीच का? बाबांनी घरी वाचायला शिकवलं, म्हणून आईला वर्तमानपत्र मीच वाचून दाखवते. आज त्यात होतं की बन्नूकडे सरहद्दीवर पठाणांनी सरकारविरुद्ध बंड केलं आणि हिंदू दुकानदार पळवून नेले. आमचा दादा तिथंच पलटणीत कारकून. ते वाक्य गाळायला हवं होतं? पण मग ते खोटं वाचणं झालं असतं.

तेवढ्यात आमची नेहमीची बांगडीवाली चांदबी दारी आली. "तुझ्या लोकांनी काय मांडलंय तिकडं!" म्हणत आईनं वहिनीला दार लावायला सांगितलं. घाईत वहिनीचा हात कडीवर आपटला आणि बांगडी... फुटली लिहायला हात धजत नाही, वाढली म्हणते. नवरा बन्नूला, आणि हिच्या हातातली बांगडी अशी! आई अनवाणीच रस्त्यावर धावली, "चांदबी, अगं थांब!"

चांदबीनं ओट्यावर बसून नवी बांगडी भरली. वहिनीनं रीतीप्रमाणे तिला नमस्कार केला.

आई हळूच म्हणाली, "तिकडच्यांना दोन शब्द सांगशील का, बाई?"

"सांगते की. जुन्नरच्या बाजारात भेटले तर."

"मग पिराला नवस तरी बोल."

"त्यो कवाच बोलले, आईसाब. दादा सुखरूप आले की मलिदा. तूप तेवढं तुमचं."

आईनं तूप आजच दिलं. दादा यायच्या आधी दिलेलं नवसाला चालतं का? नसेल चालत, तर पुन्हा देऊ. तो येऊ दे फक्त.