पिंपं करणाऱ्याची थोरली मुलगी

बाबा, तुमच्यानंतर आपल्या घरात वंशावळ लावायचं काम पुन्हा कोणी हातात घेईल असं वाटलं नव्हतं, आणि ते मी घेईन असं तर मुळीच नाही. पण गेला हिवाळाभर मी तेच करत होते. आपल्या घराण्याची नव्हे. मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान गावात साडेतीनशे वर्षांपूर्वी राहणाऱ्या घराण्याची, आणि तीही योकोहामात बसून. तुम्ही गेलात त्यानंतर काही वर्षांनी ह्यांच्या कंपनीनं आम्हाला इथं पाठवलं. दोन वर्षांसाठी म्हणून आलो आणि राहिलो. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ राहतात. आयुष्यभर इथल्या शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून सगळे त्यांना सेन्सेई म्हणतात. बायको जपानी होती, ती वारली. मुलगी ओसाकाला नोकरी करते. त्यांचे डोळे आता जवळजवळ गेलेत. कचऱ्याच्या दिवशी प्लास्टिक कुठल्या पिशवीत आणि डबे कुठल्या, हे मी त्यांना सांगत असे, त्यातून ओळख वाढली. एक दिवस त्यांनी विचारलं, "तुम्ही मला थोडं वाचून दाखवाल का? जुनं आहे, आणि कंटाळवाणं आहे." मी म्हणाले, माझे वडील असलंच काहीतरी करायचे, मला कंटाळा येणार नाही.

ते गाव मला आता आपल्या पेठेइतकं ओळखीचं झालंय. मधोमध एकच मोठी लाकडी इमारत, तीच प्रार्थनेची आणि तीच गावसभेची. बाकांवर कोणी कुठं बसायचं ते गाव ठरवायचं, वय, जमीन आणि अब्रू बघून. म्हणजे आपल्याकडे पंगतीत मानाचं पान असतं तसंच, आणि त्यावरून भांडणंही तशीच. दरवर्षी गावसभेत माणसं निवडायची: कुंपणं तपासणारा, वजनमापं बघणारा, आणि मोकाट डुकरं धरणारा. हे डुकरांचं काम मुद्दाम नुकतंच लग्न झालेल्या तरुणाच्या गळ्यात घालायचे, गाव हसायला मोकळं. सेन्सेईंचा मूळपुरुष लाकडी पिंपं करायचा. खारवलेले मासे, सफरचंदाची दारू, पीठ, सगळं पिंपात जायचं, त्यामुळे त्याचं बरं चाललेलं. तोही एका वर्षी डुकरं धरणारा झाला होता. हे वाचून दाखवलं तेव्हा सेन्सेई बराच वेळ हसत होते. तुम्हीही हसला असतात.

तुम्ही ह्या कामात हसायचा नाहीत एरवी. पाटबंधारे खात्यातून सुट्टी मिळाली की पिशवी घेऊन निघायचात, कुलवृत्तांतासाठी. एकदा मला साताऱ्याला बरोबर नेलं होतंत. मी सहावी-सातवीत असेन. दोन खोल्यांचं घर, स्वयंपाकघराच्या दारातच तुम्हाला पाट दिलेला. आत एक म्हातारी बाई भाकऱ्या थापते आहे. तिच्या मुलानं, तोही पिकल्या केसांचा, भराभर सगळी नावं सांगितली आणि तुम्ही आत वाकून विचारलंत, "काकू, तुमचं माहेरचं नाव?" ती म्हणाली, "आता कशाला ते?" तुम्ही म्हणालात, "असू दे." तव्यावरची भाकरी उलटून तिनं हळूच नाव सांगितलं, आणि मुलगा म्हणाला, "आई, हे तुझं नाव होतं?" मला हसू आलं, मोठ्यानं. एसटीच्या थांब्यावर तुम्ही म्हणालात, "हसायचं नाही. त्या नावानं तिला शेवटची हाक मारणारं माणूस मरूनसुद्धा किती वर्षं झाली असतील." तुम्ही मला रागावल्याचे प्रसंग थोडे आहेत. त्यातला हा मला सगळ्यात योग्य वाटतो.

सेन्सेईंना हे सगळं का हवं होतं ते त्यांनी बऱ्याच उशिरा सांगितलं. त्यांच्या थोरल्या भावानं फार वर्षांपूर्वी घराण्याचा इतिहास छापला आहे. चांगला जाड ग्रंथ आहे, आपल्या कुलवृत्तांतासारखाच, फक्त गोत्र आणि कुलदैवत नाही. त्यात पिंपं करणाऱ्यापासून बाप-मुलगा, बाप-मुलगा अशी सरळ रेघ आजपर्यंत येते. शेवटच्या पानांत सेन्सेईंचं नाव आहे आणि पुढे एवढंच: जपानला गेले. लग्न नाही, बायको नाही, मुलगी नाही. त्यांचे वडील महायुद्धात ह्याच समुद्रावर जपान्यांशी लढलेले. मुलानं जपानी मुलगी केली हे त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही आणि भावानं वडिलांचं मन राखलं. "इकडे तरी कुठं आहे मी," सेन्सेई म्हणाले. इथं प्रत्येक कुटुंबाचं सरकारी नोंदपत्र असतं, कोसेकी म्हणतात. परदेशी माणसाला त्यात घरचा म्हणून जागा नसते. बायकोच्या नावाखाली, अमक्याशी लग्न झालं, एवढा शेरा. "तिकडे माझी मुलगी नाही, इकडे मी शेरा आहे," ते म्हणाले, आणि मला चहा आणखी हवा का विचारलं. त्यांना स्वतःची अशी वंशावळ करून मुलीला द्यायची होती. म्हणून पहिल्यापासून तपासत यायचं.

तुम्ही शिकवलेलं मी एकच लक्षात ठेवलं होतं: नावांवर विश्वास ठेवायचा नाही, आधी वयं लावून बघायची. त्या गावातली एक हौशी बाई जुन्या दफनभूमीतल्या दगडांचे फोटो आम्हाला पाठवत असे. दगडावर वरती पंख असलेली कवटी आणि खाली नाव. पिंपं करणाऱ्याच्या बायकोचा दगड आला तेव्हा मी साल वाचलं, मग ग्रंथातलं धाकट्या मुलाचं, ज्याच्यापासून सेन्सेईंची रेघ पुढे येते त्याचं, जन्मसाल पाहिलं, मग पुन्हा दगड मोठा करून पाहिला. बाहेर ऊन पडलं होतं, समोरच्या बालवाडीतली मुलं पिवळ्या टोप्या घालून रांगेत निघाली होती. मी म्हणाले, "सेन्सेई, हा मुलगा हिचा असू शकत नाही."

"का?"

"तो जन्मायच्या आधीच ती वारली आहे. वर्षापेक्षा जास्त झालं होतं."

"दुसरी बायको असेल."

दुसरी बायको नव्हती. मग चर्चच्या जुन्या नोंदी चाळल्या आणि त्या साली एक ओळ सापडली. पिंपं करणाऱ्याची थोरली मुलगी, लग्न न झालेली, रविवारी साऱ्या गावासमोर उभी राहिली आणि तिनं आपला अपराध कबूल केला. त्यानंतर तिच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. त्याशिवाय झाला नसता. बापाचं नाव नाही. मुलाचं नाव तेच, जे ग्रंथात धाकटा मुलगा म्हणून आहे. आजोबानं त्याला आपलंच आडनाव दिलं, धंदा शिकवला, आणि सेन्सेईंच्या भावानं, किंवा त्याच्याही आधी कोणीतरी, त्याला नातवाऐवजी मुलगा करून टाकलं. ज्या इमारतीत जागा मानाप्रमाणे ठरायची तिथं ती कुठं उभी राहिली असेल याचा मी विचार करत होते. सेन्सेईंनी ती ओळ मला पुन्हा वाचायला सांगितली. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही सगळे हिचे." आणि थोड्या वेळानं, "भावाला फोन लावून द्याल?"

मी उठून जायला निघाले तर हातानंच थांबवलं. फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला होता, भावाला कमी ऐकू येतं. सेन्सेईंनी सगळं सांगितलं, शिकवताना सांगावं तसं, एकेक पायरी. मग भाऊ म्हणाला, "हे असं छापता येणार नाही."

"नको छापूस. माझ्या मुलीचं नाव घाल."

"पुस्तक संपलंय. आता कोण काढतंय नवीन."

"तुझ्या घरातल्या प्रतीत हातानं लिही."

पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "स्पेलिंग काय?" सेन्सेईंनी एकेक अक्षर सांगितलं. मधे एकदा थांबावं लागलं, कारण त्यांना खोकला आला, निदान त्यांनी तसं दाखवलं.

मुलगी पुढच्या सुट्टीत ओसाकाहून आली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, म्हणाली, "इमासारा." म्हणजे, आता काय त्याचं. मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागली. निघताना मात्र जिन्यात मला गाठून विचारलं, ती थोरली मुलगी पुढे कशी जगली, तिचं लग्न झालं का. मी म्हणाले, शोधते. अजून सापडलेलं नाही.

हे सगळं मी तुम्हाला एवढ्या विस्तारानं का सांगते आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. आपल्या कुलवृत्तांताची प्रुफं आली तेव्हा मी कॉलेजात होते. जेवणाच्या टेबलावर आपण दोघं बसलो होतो, मी वाचायचे, तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचात. आजोबांच्या नावाखाली तीन मुलगे, एक कन्या. मी म्हणाले, "बाबा, कन्या दोन." धाकटी आत्या, जिनं नर्सचं काम करता करता दवाखान्यातल्या कंपाउंडरशी लग्न केलं, तो आपल्या जातीचा नव्हता, आणि जिचं नाव घरात निघत नसे. आईनं गॅस बारीक केला. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तिनंच नको म्हणून सांगितलंय. पुढे वाच." मी पुढे वाचलं. साताऱ्याच्या त्या काकूंचं माहेरचं नाव त्याच पुस्तकात आहे, शुद्ध छापलेलं. तुम्ही खोटं बोललात असं मी तेव्हापासून धरून चालले, आणि बाबा, तुमच्याशी पुढे जे थोडं थंड वागले त्यातलं बरंचसं ह्यातून आलं. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही.

सेन्सेईंच्या फोननंतर काही दिवसांनी मी आपल्या घरच्या काकूकडून आत्याच्या मुलीचा नंबर घेतला. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. ही नाशिकला असते, शाळेत शिकवते. मी कोण ते सांगितलं तर म्हणाली, "अगं, माहितेय मला. मामांची मुलगी. जपानला असतेस ना?" इकडचं-तिकडचं झालं, तिच्या मुलाला इथल्या ट्रेनबद्दल काहीतरी विचारायचं होतं. शेवटी मीच म्हणाले, तुझ्या आईचं नाव कुलवृत्तांतात नाही, त्याचं मला वाईट वाटतं, बाबांनी तसं करायला नको होतं.

"मामा आले होते की घरी," ती म्हणाली. "मी होते तेव्हा. सकाळीच आले, पिशवी घेऊन. आईला म्हणाले, तुझी माहिती दे. आई म्हणाली, देते, पण ह्यांचं पूर्ण नाव छापायचं. आडनावासकट, गावासकट, सगळ्यांच्या नवऱ्यांचं छापतोस तसं. मामा म्हणाले, तुझं नाव घालतो, जन्म, शिक्षण, नोकरी, सगळं घालतो. आई म्हणाली, मग नको. एकटी येणार नाही मी."

"मग?"

"मग काय. मामा बसून राहिले. आईनं पोहे केले होते. पप्पा ड्यूटीवरून आले, त्यांच्याशी नीट बोलले मामा, दोघांनी पोहे खाल्ले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. परत नाही आले."

म्हणजे तिनं नको म्हटलं हे खरं होतं. तुम्ही मला खोटं सांगितलं नव्हतंत, फक्त अर्धंच सांगितलं होतंत. अर्धं का होईना, तुम्ही तिच्या दारात गेला होतात, तिच्या घरचं खाल्लं होतंत, हे आईलाही माहीत नसावं. तुम्हाला हवं होतं ते नाव तुमच्या हातात होतं आणि शेजारी दुसरं नाव लिहायचं धैर्य नव्हतं. सेन्सेईंच्या भावाला जेवढं जमलं तेवढंही तुम्हाला जमलं नाही. याचा मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. तुम्ही साफ खोटं बोलला असतात तर हिशेब सोपा राहिला असता, एवढंच मनात आलं.

फोन ठेवायच्या आधी आत्याच्या मुलीनं विचारलं, "मामा नंतर कधी आईचं नाव काढायचे का गं घरी? तिला फार वाटायचं की काढत असतील."

मी म्हणाले, "हो, काढायचे. दिवाळीला हमखास."

तिला बरं वाटलं, ते तिच्या आवाजात कळलं. तुम्ही एकदाही काढलं नव्हतंत, बाबा. हे मी तिला कधी सांगणार नाही, आणि हा कागद कुठं जायचा नाही म्हणून इथं लिहिते.