समोर बघत होते का

प्रिय ठमे,

फोनवरच बोलले असते, पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी हो हो म्हणून मोकळी होते. परवाही तेच झालं. सोमवारच्या सुनावणीत काय विचारतील आणि मी काय सांगायचं, हे तू वकीलबाईंकडून नीट समजून घेतलंस, मला समजावलंस आणि मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपण कशाला हो म्हटलं ते आपल्यालाच धड कळलेलं नाही. म्हणून लिहायला बसले. शिलाई मशीन भिंतीकडे सरकवलंय, तेवढीच जागा आहे टेबलावर.

आधी माझी खुशाली. मी बरी आहे, जेवते. शेजारची नर्सबाई ड्यूटीवरून येताना रोज डोकावते आणि मोरीतली भांडी बघून ठरवते की मी जेवले की नाही, त्यामुळे थापा मारायची सोय उरलेली नाही. शाळेचे गणवेश आलेत शिवायला. हात चालतात. रडू मात्र येत नाही. लोक बिचारे मन घट्ट करून भेटायला येतात, मी त्यांना चहा देते, मुलाबाळांची चौकशी करते, मग त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. तू विचारतेस, आई तुला राग कसा येत नाही? नाही येत गं. काहीच येत नाही. दात काढल्यावर गाल बधिर असतो, आपलाच असून चावला गेला तरी कळत नाही, तसं चाललंय माझं. तू आपल्या दोघींच्या वाटचं रागावतेस, तेवढं पुरे आहे.

त्या लोकांनी पाठवलेला कागद मी वाचला. रस्ते खात्याचं म्हणणं असं की संबंधित पादचाऱ्याचं समोर लक्ष नव्हतं, सबब खातं जबाबदार नाही. पादचारी म्हणजे तुझे बाबा, हे समजायलाच मला थोडा वेळ लागला. जन्मभर बसमध्ये कंडक्टर म्हणून उभा राहिलेला माणूस, आणि जाताना पादचारी होऊन गेला. भेटायला आलेल्या त्यांच्या जुन्या ड्रायव्हरने तर डोक्यालाच हात लावला. म्हणाला, हा धावत्या गाडीत हात न धरता या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, मी कितीही ब्रेक मारले तरी याचा तोल जायचा नाही, आणि हा चालता चालता पडला? मी त्याला दुसरा कप चहा दिला.

आपल्या घरापासून मोठ्या चौकापर्यंतचा फुटपाथ आता तुझ्या ओळखीचा राहिलेला नाही. तू इथे होतीस तेव्हा निदान तुकड्यातुकड्याने तरी होता. आता अर्ध्यावर दुकानदारांनी पायऱ्या पुढे काढल्यात, उरलेल्या अर्ध्यावर मोटारसायकली लावलेल्या. एक माणूस कसाबसा जातो, तोही पोट आत घेऊन. खाली उतरावं तर बस अंगावर येते, वर चढावं तर फुटपाथची कड गुडघ्याएवढी उंच. मधोमध विजेची पेटी आहे, तिचं नाव बाबांनी ‘साहेब’ ठेवलं होतं, कारण कुणासाठी हलत नाही. औषधांच्या दुकानापुढची एक फरशी खालून पोकळ आहे, पाय पडला की खालचं घाण पाणी उडवते. तिला ते आत्याबाई म्हणायचे. खऱ्या आत्याबाईंना हे कधी कळू दिलं नाही, तूही आता सांगू नकोस. मी तर त्यांच्या सगळ्या पँटींची उंची बोटभर कमी करून दिली होती या फरशीपायी. पाय उघडे पडतात म्हणून कुरकुरायचे, पण घालायचे.

तर असा हा रस्ता, त्यामुळे आम्ही दोघं कधी शेजारी चाललोच नाही. ते पुढे, मी मागे. लग्नानंतर नवीन नवीन मला याचा राग यायचा, वाटायचं काय हा माणूस, बायकोला मागे टाकून तरातरा निघालाय. मग कळलं की ते वाट बघून देतायत. पुढे चालायचे आणि बसथांबे पुकारावेत तशा अडचणी पुकारायचे. खड्डा आला. पायरी आहे, सांभाळून. साहेब आले, उजवीकडून घ्या. आजूबाजूचे हसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं सुरुवातीला. मी मागून हं म्हणायचं, की ते पुढे निघायचे. हं ऐकू आलं नाही तर जागचे हलायचे नाहीत. आमचा रस्त्यातला सगळा संसार एवढाच, त्यांनी पुकारायचं आणि मी हं म्हणायचं. त्यांच्या शर्टाची कॉलर पाठीमागून कुठे विरलीय हे मला पाठ असायचं, घरी आल्यावर उलटवून द्यायची मी.

तुझ्या गावी आलो होतो तेव्हा तू आम्हाला तलावाकाठी फिरायला पाठवलंस, आठवतं? केवढा रुंद फुटपाथ. लोक काय चालत होते, धावत होते, एक बाई तर पुस्तक वाचत चालली होती. मी मोठ्या हौसेने बाबांच्या बरोबरीला आले, तर ते बिचकून पुढे झाले. मी पुन्हा बरोबरीला, ते पुन्हा पुढे. शेवटी एकदाचे शेजारी शेजारी चाललो आणि दोघांनाही कळेना काय बोलावं. पुकारायलाच काही नव्हतं ना. परत आल्यावर तू विचारलंस, भांडलात का? भांडलो नव्हतो गं, सवय नव्हती एवढंच.

आता त्या संध्याकाळचं. तुला मी आजवर एवढंच सांगितलं की आम्ही दोरे आणायला निघालो होतो आणि बाबा उघड्या गटारात पडले. ते खरंच आहे. पण मधलं तू विचारलं नाहीस आणि माझ्याच्याने बोलवलं नाही. वीज गेली होती, म्हणून कपड्यांच्या दुकानवाल्याने जनरेटर फुटपाथवरच लावला होता. त्याचा एवढा आवाज की स्वतःचं बोलणं ऐकू येईना. त्याच्या पुढे कुणीतरी केबल टाकायला गटाराची झाकणं काढली होती. पहिल्या खड्ड्यात कुणा भल्या माणसाने झाडाची फांदी खोचली होती, ती बाबांनी लांबूनच पाहिली. खड्डा म्हणून ओरडले, हाताने बाजू दाखवली, आणि कडेने पार झाले. मी हं म्हटलं. चांगलं मोठ्याने म्हटलं, ठमे, रोजच्यापेक्षा मोठ्याने. पण त्या जनरेटरपुढे ते त्यांच्या कानापर्यंत पोचलं नाही.

मग ते वळले. माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. मी फांदी धरून, दुकानाच्या भिंतीला चिकटून खड्ड्याच्या कडेने येत होते आणि ते हात पुढे करून बघत होते, मी येतेय ना. मी सुखरूप आले. तर मला उभं राहायला जागा करून द्यावी म्हणून ते एक पाऊल मागे सरकले. मागे दुसरं झाकण काढलेलं होतं. तिथे फांदी नव्हती, काहीच नव्हतं. कडेवर डोकं आपटलं. दवाखान्यातले पुढचे दिवस तुला माहीतच आहेत, तू आलीस तेव्हा ते डोळे उघडत नव्हते, आणि मग उघडलेच नाहीत.

वकीलबाई म्हणतात, त्या जागी कॅमेरा नव्हता, जनरेटरवाला काही बोलायचा नाही, पाहणारी एकटी मीच. खात्याचे वकील एकच प्रश्न विचारणार, ते समोर बघत होते का? हो म्हटलं की आपली बाजू भक्कम, नाही म्हटलं की ते म्हणणार, बघा, आम्ही सांगतच होतो. तू कामावरून सुट्ट्या काढून त्या कचेरीच्या पायऱ्या झिजवल्यास, तिथल्या कारकुनाशी भांडलीस, झाकणांचे फोटो काढत उन्हात फिरलीस. निदान कुणीतरी चूक कबूल करावी, एवढंच तुला हवंय, आणि ते चुकीचं नाही. एक शब्द बोलायचाय आई, असं तू म्हणालीस. मी तो आरशासमोर म्हणूनही पाहिला. जीभ अडखळली नाही, बधिर माणसाला काय, काहीही म्हणता येतं. पण म्हटल्यावर असं वाटलं, की ते समोर बघत होते आणि तरी पडले, तर मग डोळ्यांदेखत खड्ड्यात पाय घालणारा वेंधळा माणूस ठरतो तुझा बाप. तसे ते नव्हते गं.

म्हणून सोमवारी मी हो म्हणणार नाही, आणि हे तू तिथे चारचौघांत पहिल्यांदा ऐकू नयेस यासाठी आजच लिहितेय. मी सांगणार आहे, नाही साहेब, ते समोर बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते, आणि हे जसंच्या तसं कागदावर लिहून घ्या. यामुळे आपण हरलो तर हरलो. वकीलबाईंना आधी सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्यावर रागाव, बोलू नकोस चार दिवस, पण मला समजून घे. इतकी वर्षं त्या रस्त्यावर मी त्यांची पाठच पाहिली. त्या संध्याकाळी तेवढा चेहरा दिसला, आणि मी नीट आलेय हे बघून तो हसला होता. तो माझ्याकडे वळलाच नव्हता असं मी कुणाला सांगू?

वाचल्यावर लगेच फोन करू नकोस, आधी जेवून घे.

तुझीच,
आई