माळीवाड्यापर्यंतचा रस्ता

आई, तुझ्या नातीला नोकरी लागली. जामखेड रोडवरच्या एका आरोग्य केंद्रात, रक्त तपासणीच्या कामावर. तुझी शाळा ज्या गावात होती, त्याच्या पुढचंच गाव. ऑर्डर आली त्या दिवशी जेवताना ती सहज म्हणाली, "घरापासून माळीवाडा स्टँडपर्यंत सायकलने जाईन, तिथून पुढे बस." तिचे बाबा मान डोलवत होते. मी भाजी वाढता वाढता थांबले आणि म्हणाले, "सायकल अजिबात नाही." बोलले आणि मीच दचकले, कारण तो आवाज थेट आजीचा होता. तुझ्या सासूचा.

तू गेल्यापासून मी तुझी आठवण काढते ती बहुतेक स्वयंपाकघरातली. आजारपणातलीही. पण त्या दिवसापासून मला तू सायकलवर दिसतेस. सकाळची वेळ आहे, मी अजून गोधडीत आहे, आणि तू डब्यात पोळ्या भरून, साडीच्या निऱ्यांना पिन लावून सायकल पायरीवरून खाली उतरवतेस. हिरवी लेडीज सायकल, पुढे वेताची टोपली. गल्लीच्या वळणावर एकदा घंटी वाजते, ती माझ्यासाठी. मग तू सर्जेपुरा, कापडबाजार करत माळीवाड्याला जातेस, स्टँडजवळ सायकल लावतेस आणि जामखेडची गाडी पकडतेस. एकदा मला सुट्टी होती म्हणून तू सोबत नेलंस. फाट्यावर उतरलो तर पोरांचा घोळकाच उभा. "बाई आल्या, बाई आल्या" करत त्यांनी तुझी पिशवी काढून घेतली, माझाही हात धरला. दुपारच्या सुट्टीत तू त्यांच्यात लगोरी खेळलीस. पदर खोचून, नेम चुकला की मोठ्यांदा हसत. मी लिंबाखाली बसून बघत होते. घरी तू इतकी मोठ्यांदा कधीच हसली नव्हतीस, आणि ते मला आवडलं की नाही हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मी पाचवीत असताना कापडबाजारात एका दुकानापुढे उभ्या असलेल्या जीपचा दरवाजा अचानक उघडला. तू त्यावर आदळून रस्त्याच्या मधल्या बाजूला पडलीस. मागून येणाऱ्या टेम्पोने ब्रेक मारला म्हणून वाचलीस. मनगट मोडलं. संध्याकाळी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून तू ओट्यापाशी उभी आहेस, आजी पाटावर बसलीय, बाबा दारात.

"बाईमानसानं सायकल फिरवायची आन् हातपाय मोडून घ्यायचं," आजी म्हणते. "लई झालं आता."

"नोकरी सोड असं कोणी म्हणत नाही," बाबा म्हणतात. "सायकल तेवढी सोड."

तू चिडली नव्हतीस. मला ते सगळं लख्ख आठवतं. तू अगदी वर्गात गणित समजावून सांगावं तशी बोलत होतीस. "उभ्या गाड्यांना खेटून चालवत होते, तिथे चुकलं. दरवाजा उघडला तरी लागणार नाही एवढं अंतर सोडून जायला पाहिजे. मागचे हॉर्न वाजवतात म्हणून आपण कडेला कडेला जातो. आणि कापडबाजार सकाळी घ्यायलाच नको, माल उतरवायच्या गाड्या असतात. तोफखान्यातून गल्लीगल्लीनं जाते. तुम्ही एखाद्या रविवारी माझ्याबरोबर चला ना, बघू दोघं."

बाबा वाईट नव्हते गं, घाबरले होते. आणि मी, तुझ्या कमरेला मिठी मारून रडत होते, "आई, तू मरशील, तू नको जाऊ." तू प्लास्टर नसलेला हात माझ्या डोक्यावर ठेवलास आणि म्हणालीस, "बरं. नाही जात सायकलवर." विषय संपला. दिवाळीत हिरवी सायकल आत्याच्या गावाला गेली.

त्यानंतर तू रिक्षासाठी कोपऱ्यावर उभी राहायला लागलीस. रिक्षा भरल्याशिवाय निघायची नाही, मग गाडी चुकायची, मग शाळेत उशीर आणि उशिरावरून बोलणी. पुढच्या वर्षी तू शहरातली, घरापासून चालत जाण्याजोगी शाळा मागून घेतलीस. आम्ही सगळे खूश. आई दुपारी घरी असते, गरम जेवण मिळतं. एक दिवस त्या गावातली एक बाई बाजाराला आली होती, ती घर शोधत आली. पिशवीभर बोरं घेऊन. "बाई, पोरं लई इचारत्यात. आमची धाकली तर म्हनती, बाईंची सायकल मोडली व्हय?" तू तिला चहा दिलास, "येईन की एकदा," म्हणालीस. ती गेल्यावर बराच वेळ तू भिजवलेल्या कणकेवर हात ठेवून नुसती बसून होतीस. मी बोरं खात होते. तू त्या गावाला परत कधी गेली नाहीस. नव्या शाळेतही तू चांगलंच शिकवलं असशील, पण तिथे लगोरी खेळलीस का, हे मी कधी विचारलंच नाही.

तुझी नात माझ्यावर रागावली नाही. ती म्हणाली, "ठीक आहे, सायकल नको. मग कसं जाऊ ते तू सांग." स्कूटर तिच्या बाबांना लागते. सकाळी लवकर रिक्षा अजूनही मिळेल तेव्हा मिळते. रविवारी मी चपला घातल्या आणि तिला म्हटलं, चल, बघू. मला सायकल येत नाही, तुझ्या पडण्यानंतर मी शिकलेच नाही, म्हणून मी चालत आणि ती सायकल हातात धरून. मनमाड रोड टाळला, तिथे अवजड गाड्या. तोफखान्याच्या गल्ल्यांतून गेलो. एका चौकात चारी बाजूंनी गाड्या घुसतात, तिथे उतरून, सायकल ढकलत, चालणाऱ्यांबरोबर रस्ता ओलांडायचा असं ठरवलं. स्टँडबाहेर बस वळत असते तेव्हा तिच्या डाव्या अंगाला शिरायचं नाही, मागे थांबायचं, कारण ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही. सायकल कुठे लावायची, कुलूप कशाला अडकवायचं, तेही पाहिलं. मग ती रुजू होण्याआधीच एका सोमवारी, तिच्या निघायच्या वेळेला पुन्हा एकदा गेलो, कारण रविवारचा रस्ता आणि सोमवारचा रस्ता सारखा नसतो.

एका ठिकाणी मोटारी ओळीने लावलेल्या होत्या. ती त्यांच्या कडेकडेनं निघाली तशी मी तिला थांबवलं. "दरवाजा उघडला तरी लागणार नाही एवढं अंतर सोड."

"मागचे हॉर्न वाजवतील, आई."

"वाजवू देत."

ती हसली. "तुला सायकल येत नाही, मग हे कुठून कळलं?"

"तुझ्या आजीकडून," मी म्हणाले. तू तेव्हा ओट्यापाशी उभी राहून सांगितलेलं सगळं माझ्या कानात इतकी वर्षं जसंच्या तसं राहिलं होतं. ऐकलं होतं सगळ्यांनी. एक रविवार गं, आई. एक रविवार आणि एक सकाळ, एवढंच लागलं आम्हाला. बाबा तुझ्याबरोबर तेवढं चालले असते तर तू त्या पोरांत राहिली असतीस. आम्ही तुला जपलं, असंच आम्ही शेवटपर्यंत समजत आलो.

काल ती पहिल्यांदा कामावर गेली. हेल्मेट, पिवळं जाकीट, मागे लाल दिवा. मी दारातून हात हलवला, चेहरा अगदी शांत ठेवला. संध्याकाळी ती आनंदात परतली. बस वेळेवर मिळाली, कंडक्टरकाका चांगले आहेत, केंद्रातल्या सिस्टरने डब्यातली चटणी दिली. मग म्हणाली, "एकच झालं. तोफखान्यापासून एक रिक्षा सारखी माझ्या मागे होती. हॉर्न नाही, ओव्हरटेक नाही. मग मी बाजूला थांबले आणि तिला पुढे जाऊ दिलं."

"बरं केलंस," मी म्हणाले, आणि भाकरी उलटली.

हा कागद कुठे पाठवायचा ते मला माहीत नाही, आणि घरात दुसऱ्या कोणाला तो वाचू द्यायचा नाही, म्हणून तुलाच सांगते. त्या रिक्षात ओढणीने तोंड झाकून मी बसले होते.