ताण आणि तीनशे शहाऐंशी

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या मोहगावच्या घरात रेडिओही नव्हता, त्यामुळे आजची गोष्ट मुळापासून सांगावी लागेल. सौसरला बसस्टँडमागे माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. कॉलेजची पायरी न चढता, शेजारी डिक्शनरी ठेवून इंग्रजी पुस्तकं वाचत मी हे काम शिकलो. माझ्या हातचा जोड कच्चा निघाला, असं या तालुक्यात कोणी म्हणून दाखवावं. आता कॉम्प्युटर नावाची मशीन आली आहे. टीव्हीसारखा पडदा, टाइपरायटरसारखी बटणं, आणि पेटीच्या आत नखाएवढी चिप. तिला प्रोसेसर म्हणतात. सगळा विचार ती करते. तिच्या जोरावर पडद्यावर मोटारींची शर्यत लागते आणि बटणं दाबून आपण गाडी हाकायची. लोक पैसे देऊन खेळतील अशी एक मशीन पांढुर्ण्याला लावायची, असं मी आणि माझ्या फोटो स्टुडिओवाल्या मित्राने ठरवलं. स्टुडिओशेजारची खोली त्याची, मशीन माझी.

खोली रंगवून झाली, वायरिंग मी स्वतः केलं, आणि मग मी थांबलो. बाजारात २८६ नंबरची चिप होती, पण मासिकात ३८६ ची बातमी आली होती. मित्र म्हणे, जे आहे ते घे. मी त्याला आकडे दाखवायचो, ती एका झटक्यात किती मोठा हिशेब उचलते ते समजावायचो. स्टुडिओत फोटो काढायला आलेले लोकही वादात पडायचे. कोणी २८६ वाला, कोणी ३८६ वाला, आणि दोन्हींपैकी एकही चिप कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही! ३८६ नागपूरला येते न येते तोच तिच्याही पुढच्या चिपची कुणकुण लागली. मी म्हटलं, मग आणखी थोडं थांबू. घरी बायको ताट वाढता वाढता म्हणाली, "मशीन पाहून राहिले का पोरगी? तुमाले तं दरवेळी पुढचीच बरी दिसते!" मित्र मात्र हसला नाही. "लेका, लोकं मले इचारून राहिले, खोली कायले बंद हाय म्हणून. दिवाळीपर्यंत मशीन नाई आली तं चक्कीवाल्याले देऊन टाकतो. मंग नोको म्हणू."

त्याने ती दिली असती. म्हणून दोघं पांढुर्ण्याहून गाडीत बसलो आणि नागपूरच्या दुकानात गेलो. दोन्ही मशिनी शेजारी शेजारी मांडलेल्या. मी ३८६ समोर बसतो, मोटारीचा खेळ सुरू करतो, बटणावर बोट ठेवतो, आणि गाडी भिंतीवर! पुन्हा सुरू केला, पुन्हा भिंत. डोळ्याला रस्ता दिसायच्या आधी खेळ खलास. मित्र म्हणाला, "थे तं तुह्या आधीच घरी पोहोचली बे!" दुकानदाराने समजावलं की हा खेळ जुन्या, मंद चिपच्या ठोक्यावर बेतलेला आहे, ठोका वाढला की गाडीही पिसाळते. मग त्याने पेटीवरचं एक बटण दाबलं. चिप मुद्दाम हळू झाली आणि गाडी शहाण्यासारखी चालू लागली. ज्या वेगासाठी मी खोली बंद ठेवली होती, तो वेग कमी करायचं बटण कंपनीनेच बसवलं होतं.

तिथेच मला आपली संत्र्याची बाग आठवली. मे महिना, मृग बहाराच्या फुलांसाठी झाडांना ताण दिलेला. पाणी तोडलेलं, पानं मलूल. शेजारच्या बागेवाले काका बांधावरून सांगून राहिले की जितकं जास्त तहानवाल तितकं जास्त फुटेल. मीही तेच म्हणतो, अजून आठ दिवस थांबा. तुम्ही एक पान तोडता, मुठीत चुरगाळता, बोटं उघडून पाहता आणि पाण्याच्या दांडाकडे चालू लागता. "झाडाले इचारलं का तूनं? फुलाच्या हावेनं झाड मारतं का बे?" तुम्ही पाणी सोडलंत. त्या वर्षी काकांच्या झाडांचे शेंडे वाळले.

मी २८६ घेतली. तिच्यावर गाडी जरा चपळ पळते, पण हाताला ऐकते. पडदा मांडीवर धरून आणला, कोणाच्या हाती दिला नाही. पोळ्याच्या आधी खोली उघडली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगावचा तो दरवर्षीचा एकमेकांवर दगड मारायचा मेळा, आणि त्यात डोकं फुटून पट्टी बांधलेला सावरगावचा एक जण संध्याकाळी खुर्चीवर बसून मोटार हाकून राहिला होता. बाहेर रांग. मित्र दारात उभा राहून नंबर लावून राहिला होता. मी मागे टेकून उभा होतो, आणि कितीतरी दिवसांनी खांदे सैल झाल्यासारखं वाटलं. चक्कीवाल्याने दुसरी जागा पाहिली आहे.

हे पत्राचं पाकीट टपालाच्या कोणत्या डब्यात टाकायचं ते मला माहीत नाही, तेव्हा मशीनच्या रिकाम्या खोक्यात ठेवतो. एक तेवढं राहिलं. परवा नवं मासिक आलं, त्यात ४८६ ची बातमी आहे, आकड्यांसकट. मित्राला अजून दाखवलेलं नाही. गल्ल्याखाली ठेवलंय, आणि मी ते दोनदा वाचून काढलं आहे.