जांभळी ज्योत

सर, तुम्ही जाऊन पंचवीस वर्षं झाली, तरी वरण उतू जाऊन गॅसची ज्योत पिवळी झाली की मला तुमचाच आवाज ऐकू येतो. बारावी तेव्हा नवीनच आली होती. तुम्ही वटार गावाहून सायकलवर यायचात, प्लॅटिनमची तार आम्लात बुडवून तिला क्षार लावायचात आणि ज्योतीत धरायचात. तांबं हिरवं, स्ट्रॉन्शियम लालभडक, पोटॅशियम फिकट जांभळं. उष्णतेने अणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो, तिथे त्याला टिकता येत नाही, आणि उतरताना तो तेवढ्या उंचीचाच प्रकाश टाकतो. प्रत्येक धातूच्या पायऱ्या निराळ्या, म्हणून रंग निराळा. इतकं सोपं करून मला पुढे कुणी सांगितलं नाही. तुम्हाला शिकवता येत होतं, हे कबूल करताना आजही माझा जीव जळतो.

माझी ज्योत मात्र दर वेळी पिवळी. सकाळी वडिलांबरोबर मिठागरात मीठ ओढून मी तशीच कॉलेजात यायचे आणि वाकडी झालेली तार चिमटीत धरून सरळ करायचे. बोटांच्या भेगांतलं मीठ तारेला लागायचं, आणि मिठातल्या सोडियमचा पिवळा इतका दांडगा की पोटॅशियमचा जांभळा त्याच्यापुढे दिसतच नाही. हे तुम्हाला ठाऊक होतं. मी विचारलं, "सर, तार धुवायला दुसरं पानी आनू?" तुम्ही वर्गाकडे वळून म्हणालात, "हिला गाव विचारायला नको. ज्योतच सांगते." बागायतदारांच्या मुली हसून हसून बाकांवर पडल्या. जर्नलवर तुम्ही सही केली नाहीत. सही नाही तर परीक्षा नाही, आणि घरात माझ्या लग्नाचं चाललंच होतं.

मग तपासणीला मोठे साहेब आले. तार तयार ठेवायचं काम त्या दिवशी पाळीने माझ्याकडे आलं होतं. मी ती बोटांतून दोनदा ओढली, आणि आम्लातही चिमूटभर मीठ टाकलं. "बघा, जांभळी," तुम्ही सवयीने म्हणालात आणि समोर पिवळी ज्योत. तीनदा तसंच झालं. साहेब हसून म्हणाले, "मास्तर, एकदा डोळे दाखवून घ्या." मला फार बरं वाटलं.

आठवड्याने कॉलेज सुटल्यावर तुम्ही एकटेच नवं आम्ल घेऊन, तार स्वतः घासून बसला होतात. मी परीक्षानळ्या धुवत होते. ज्योतीवरची नजर न काढता तुम्ही विचारलंत, "मला जांभळी दिसते. तुला?" असं मऊ बोलताना मी तुम्हाला कधी ऐकलं नव्हतं.

"पिवळी, सर," मी म्हणाले.

तुम्ही बर्नर बंद केलात. दुसऱ्या दिवशी माझ्या जर्नलवर न बघता सही केलीत, आणि निवृत्त होईपर्यंत रंग पुस्तकातून वाचून दाखवलेत. तुमची मुलगी अजून भेटते; बाबांचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसाच उरला नव्हता म्हणते, आणि मी मान हलवते. तिचा पत्ता आहे माझ्याकडे, पण हे लिहिलेलं तिलाही पाठवणार नाही.

जांभळीच होती, सर. इतकी स्वच्छ जांभळी मी त्याआधी पाहिली नव्हती.