मुकी पट्टी

शनिवार, २२ नोव्हेंबर

ती. आत्यास,

भाचीचा नमस्कार. आम्ही इथे मजेत आहोत, तुझी तब्येत बरी असेल, गुडघा फार कुरकुरत नसेल. झाले उपचार. आता खुर्ची ओढ आणि बस. पत्र घेऊन आलेल्या बाबांना काही विचारू नकोस, त्यांना मी तोंड न उघडण्याची शपथ घातली आहे. बसलीस?

मी पहिली आले! अगं, पहिली!

फोनवरच सांगणार होते, पण माझा फोन तू उचलत नाहीस आणि बाबांनी केला तर "पोरीला वेळेवर जेवू घाल" म्हणून ठेवून देतेस. म्हणून पत्र. शिवाय मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती ऐकताना तू नक्की मध्ये तोंड घालशील. ती नंतर. आधी पियानोच्या स्पर्धेचं ऐक.

इथे जो तो बेताचं काहीतरी घेऊन आला होता. चमचमतं, पंधरा मिनिटांत टाळ्या घेणारं. माझ्या नावापुढे तो चार भागांचा अख्खा सोनाटा वाचून एक स्पर्धक मला म्हणाला, "सगळा वाजवणार? शेवटच्या फ्यूगसकट?" मी म्हटलं, "छे, अर्धा वाजवते, उरलेला पोस्टाने पाठवते." त्याचं तोंड बघायला हवं होतंस.

तूही जूनमध्ये हेच विचारलं होतंस, फक्त ओरडून. "वीतभर पंजा आणि निघाली डोंगर उचलायला! घास घशात अडकेल." मी म्हटलं, अडकू दे. तेव्हापासून आपला अबोला. पण काय गं, त्या अबोल्यात तू दार एकदाही लावून घेतलं नाहीस. मी रोज सरावाला यायचे, तू स्वयंपाकघरात. मी घाई केली की पातेलं आदळायचं. डावा हात कच्चा पडला की डब्याचं झाकण. आई म्हणायची, "तिचा राग काही जात नाही." मी म्हणायचे, राग कसला, शिकवणी चालू आहे!

इथला पियानो एवढा लांब आहे की त्याच्या दुसऱ्या टोकाला हवामान वेगळं असेल. आणि त्याच्या सगळ्या पट्ट्या वाजतात. मला त्याचंच अवघडल्यासारखं झालं. आपल्या पियानोची ती मधली काळी पट्टी मुकी, तार तुटलेली. तू ती कधी दुरुस्त करून घेतली नाहीस. "नाही वाजत तर गा. थांबायचं नाही." लहानपणापासून तो स्वर आला की मी तोंडाने म्हणते. आता विचार न करताच म्हणते.

पहिले तीन भाग छान झाले. संथ भागात तर मला मीच आवडले, खोटं कशाला बोलू! मग फ्यूग. तू त्याला चार जावांचं भांडण म्हणतेस. चार सुरावटी म्हणजे चौघी, एकच गाऱ्हाणं सांगणार, एकीमागून एक, आणि वाजवणाऱ्याने चौघींचं ऐकायचं. तर माझी एक जाऊ मध्येच हरवली. खरंच हरवली, आत्या. उजवा हात धावतोय, डावा हवेत, डोक्यात शुकशुकाट. आणि वाटलं, तुझंही इथेच असं झालं होतं.

हो, मला माहीत आहे. येताना बसमध्ये बाबांनी सांगितलं. त्यांच्याकडे डोळे वटारून बघू नकोस, मी फार खोदून विचारलं. तू इथेच, याच हॉलमध्ये, माझ्याच वयाची असताना हाच सोनाटा घेऊन आली होतीस. फ्यूगमध्ये विसरलीस. हात मांडीवर ठेवलेस, उठलीस आणि निघून आलीस. त्यानंतर चारचौघांत कधी वाजवलं नाहीस. बाबा म्हणाले, "ताईसारखं वाजवणारं मी पुन्हा कुणी ऐकलं नाही." मला आधी तुझा भयंकर राग आला, हे लपवून ठेवलंस म्हणून. मग रडू आलं. मला वाटत होतं, तुझा माझ्यावर विश्वास नाही. तू तर माझ्यासाठी घाबरली होतीस.

तर, डावा हात हवेत. तेवढ्यात त्या मुक्या पट्टीचा स्वर आला आणि मी गायले! भर स्पर्धेत, खणखणीत! परीक्षकांच्या माना एकदम वर. पण तो स्वर धरूनच डावा हात आत शिरला, हरवलेली जाऊ सापडली आणि मग काय विचारतेस! शेवट असा वाजवला की स्टूल मागे सरकलं. लोक उभे राहिले. सगळ्यांत आधी बाबा, तेही हमसून हमसून रडत. मुख्य परीक्षक बाई नंतर म्हणाल्या, "स्पर्धा पियानोची होती, गाण्याची नव्हे." मी म्हटलं, "आमच्या आत्याकडे दोन्ही शिकवतात." खूप हसल्या.

आता ती गोष्ट.

इथली रीत अशी की समारोपाला विजेत्याने आपल्या गुरूबरोबर दोन पियानोंवर एक रचना वाजवायची. पुढच्या रविवारी, ३० तारखेला. गुरूचं नाव विचारलं, मी तुझं सांगून मोकळी झाले. आधी तुला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून नाही विचारलं. कार्यक्रम छापून भिंतीवर लागलाय. बाबा येता-जाता तिथे थांबून तुझं नाव वाचतात.

हो, त्याच हॉलमध्ये. रचना तुला पाठ असलेलीच निवडली आहे. खिडकीत बसून ती मांडीवर बोटांनी वाजवताना मी तुला कितीदा पाहिलंय. विसरलीस तर? तर विसरलीस! मीही विसरले, आभाळ कोसळलं नाही. तेव्हा तू तिथे एकटी होतीस. आता समोर मी असेन. तुला उठून जावंसं वाटलं तर माझ्याकडे बघ, मीही उठेन आणि आपण दोघी मिळून जाऊ. पण मला माहीत आहे, तू उठणार नाहीस.

बाबांच्या खिशात परतीची दोन तिकिटं आहेत. तू कपडे भरेपर्यंत दारातून हलायचं नाही, असं मी त्यांना बजावलंय.

पहिला पियानो तुझा.

दुसऱ्यावरची,
तुझीच भाची